कॅन्सरच्या रुग्णाची लाळ गळते तेव्हा घरी काय करायचं

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती कुणाला दिसत नाही, कारण माणूस ती दिवसभर नकळत गिळत असतो. गालाचं, जिभेचं किंवा जबड्याचं ऑपरेशन झालं, ओठ नीट मिटेनासे झाले, गिळताना कळ येऊ लागली किंवा गाठीनं घशाची वाट अडवली, की हीच लाळ तोंडाबाहेर येते. म्हणजे बहुतेक रुग्णांत लाळ वाढलेली नसते, तिची खाली उतरायची वाट बिघडलेली असते. हे पक्कं ध्यानात ठेवा. घरचे लोक पहिल्याच दिवशी 'लाळ सुकवायची गोळी द्या' म्हणून मागे लागतात, आणि गोळीनं कधी कधी दुखणं आणखी अवघड होतं. गोळी लागते, पण ती शेवटी. आधीची कामं घरी, हातानं करायची आहेत.

विदर्भात हा त्रास जास्त करून खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेलं मिश्रण), तंबाखू, सुपारीतून झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये दिसतो. त्यात अनेकांचं तोंड सुपारीमुळे आधीच आवळलेलं असतं. साधारणपणे आपली तीन बोटं उभी तोंडात जातात, या रुग्णांची दोनही जात नाहीत. त्यामुळे तोंड धुणं, औषध लावणं, लाळ काढणं, सगळंच अवघड होतं. खाली सांगितलेल्या कृती अशाही तोंडाला जमतील अशा आहेत. गळ्याला श्वासासाठी छिद्र करून नळी बसवलेली असेल, तर त्या नळीची सफाई हे वेगळं काम आहे. ते दवाखान्यातल्या सिस्टरकडून हातानं करून शिकूनच घरी या.

आधी तोंड पाहा

दिवसा उजेडात, बॅटरी घेऊन, रुग्णाला समोर बसवून तोंडात नीट पाहा. दर दोन दिवसांनी पाहायचं.

जीभ आणि गालावर दह्यासारखे पांढरे थर दिसले, ते पुसल्यावर खाली लालबुंद झालं, तर ती बुरशी आहे. तिच्यामुळे गिळताना जळजळ होते, म्हणून रुग्ण गिळत नाही आणि लाळ साठते. डॉक्टरांनी दिलेल्या बुरशीच्या औषधानं काही दिवसांत फरक पडतो. लाळेवर वेगळं काही करावंही लागत नाही.

दात किडलेला, हललेला, हिरडीतून पू येत असेल तर लाळ खरोखरच वाढते. रेडिएशन चालू असेल किंवा होऊन गेलं असेल, तर गावातल्या कुणाकडून दात काढून घेऊ नका. रेडिएशन झालेल्या जबड्याची जखम भरत नाही, हाड सडू शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

तोंड आलं असेल, म्हणजे रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जसे फोड आणि कच्ची जखम होते तसं, तर लाळ गळण्याचं कारण दुखणं आहे. इथे दुखण्याची गोळी वेळेवर देणं हाच लाळेचा इलाज. जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी दिली तर रुग्ण घोट उतरवतो, आणि घोट उतरला की लाळही उतरते. गोळी 'फारच दुखलं तर' द्यायची नसते, डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांना द्यायची असते.

चौथी गोष्ट बरेचदा सुटते, ती म्हणजे चालू असलेली औषधं. मळमळीसाठी दिलेलं मेटोक्लोप्रामाइड, बडबड किंवा उचकीसाठी दिलेलं हॅलोपेरिडॉल यांनी काहींचं अंग ताठरतं, चेहरा थिजतो आणि लाळ गळू लागते. झोपेच्या गोळ्यांनी गुंगी आली तरी तेच होतं. नवं औषध सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत लाळ वाढली असेल, तर ती तारीख डॉक्टरांना सांगा.

आणि खर्रा चालू आहे का, हे पाहा. 'तेवढंच तोंडाला बरं वाटते' म्हणून घरचेच आणून देतात. तंबाखू, सुपारी आणि चुना तिन्ही लाळ सुटवतात, जखमही चिघळवतात. बंद करणं सोपं नाही हे खरं. त्यासाठी दवाखान्यात व्यसनमुक्तीचं औषध मागा, रुग्णावर ओरडू नका.

पातळ आहे की चिकट?

पुढचं सगळं या प्रश्नावर ठरतं. दोन बोटांत लाळ घेऊन बोटं दूर करा. पाण्यासारखी सुटली तर पातळ. तार धरली, फेसाळ दोरीसारखी लोंबली तर चिकट.

पातळ लाळेला वाट द्यायची, टिपायची, गरज पडली तर औषधानं कमी करायची. चिकट लाळेला सुकवायचं औषध दिलं तर ती डिंकासारखी होऊन घशात अडकते, रुग्ण रात्रभर खाकरतो आणि श्वास कोंडल्यासारखं होतं. तिला पाणी हवं असतं. अंगात पाणी कमी पडल्यामुळेच ती पुष्कळदा चिकट झालेली असते. रेडिएशनच्या काळातली लाळ बहुतेक याच प्रकारची असते. एकाच माणसाची लाळ सकाळी चिकट आणि दुपारी पातळ असू शकते, म्हणून एकदा पाहून निकाल लावू नका.

घरात काय जमवायचं

जुनं मऊ सुती लुगडं किंवा धोतर घ्या. त्याचे वीतभर-दीड वीत चौकोनी तुकडे करा, पंचवीस-तीस तरी हवेत. नवं कापड पाणी शोषत नाही, टेरिकॉट तर मुळीच नाही. टॉवेलच्या कापडानं गाल खरवडतो. निम्मे तुकडे गडद रंगाचे ठेवा. लाळेत थोडं रक्त आलं तर पांढऱ्या कापडावर ते फार दिसतं आणि रुग्ण घाबरतो. मात्र रक्त आलं हे तुम्ही स्वतः पाहून ठेवा.

याशिवाय झाकणाचा स्टीलचा डबा (त्यात तळाला दोन बोटं पाणी), वापरलेली फडकी टाकायला झाकणाची बादली, व्हॅसलीन, १० मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज, लहान मुलांचा मऊ ब्रश आणि एक वही.

वहीत रोज तीन ओळी लिहायच्या: सकाळी, दुपारी, रात्री किती फडकी बदलली. 'खूप गळते' या वाक्यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. 'काल बावीस फडकी, रात्री उशी दोनदा बदलली' यावरून येतं. औषध सुरू केल्यावर ते लागू पडलं की नाही, हेही याच आकड्यावरून कळेल.

फडकी गरम पाण्यात साबणानं धुवून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात वाळत नाहीत, म्हणून त्या चार महिन्यांसाठी तुकडे दुप्पट करा. ओलसर फडकं पुन्हा वापरलं की हनुवटीला बुरशी धरते.

दिवसभराची रीत

१. दर अर्ध्या तासानं रुग्णाला ताठ बसवून, ओठ मिटून, एक घोट गिळायला सांगा. लाळेचा भार जाणवला की गिळायचं ही सवय मोडलेली असते, ती अशी आठवण देऊन परत लावावी लागते. ओठ मिटत नसतील तर खालचा ओठ आणि हनुवटी त्यानंच बोटांनी वर धरायची आणि मग गिळायचं.

२. गिळताना ठसका लागत असेल तर जबरदस्ती नको. मान किंचित पुढे झुकवून गिळणं काहींना जमतं, काहींना ऑपरेशनमुळे उलट त्रास देतं. गिळण्याचा व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट मोठ्या रुग्णालयात असतात, त्यांना एकदा दाखवून रीत ठरवून घ्या.

३. गिळता येतच नसेल तर लाळ डब्यात सोडायची. रुग्णानं पुढे वाकून ती ओघळू द्यायची, जोर लावून थुंकायचं नाही. टाके ताजे असतील तर थुंकण्याच्या जोरानं ते ताणतात.

४. फडकं टेकवून टिपायचं, पुसायचं नाही. दिवसात तीस वेळा पुसलं की तिसऱ्या दिवशी कातडी सोलते.

५. दिवसातून चार ते सहा वेळा, विशेषतः जेवणानंतर आणि झोपण्याआधी, तोंड धुवायचं. पाणी असं करा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट लहान चमचा मीठ आणि एक सपाट लहान चमचा खायचा सोडा. रोज नवं करा. चूळ भरता येत नसेल तर डोकं पुढे झुकवून खाली तसराळं धरा आणि सिरिंजनं गालाच्या आतून थोडं थोडं पाणी सोडा. घशाच्या दिशेनं कधीच नाही. चिकट लाळ याच पाण्यानं सुटते. तुरटी, हळदीचं दाट पाणी, लिंबू, दुकानातलं झोंबणारं माउथवॉश यातलं काहीही कच्च्या जखमेवर घालू नका.

तोंडात कापूस किंवा फडक्याचा बोळा कोंबून ठेवणं ही नेहमी होणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक आहे. झोपेत तो घशात सरकतो. गालाच्या कोपऱ्यात धरायचाच असेल तर रुग्ण जागा असताना, दुसरं टोक तोंडाबाहेर ठेवून.

झोपणं

उताणं सपाट झोपवू नका. लाळ श्वासनळीत उतरते, रात्रभर खोकला होतो आणि पुढे न्यूमोनिया होतो. बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा द्या, किंवा पाठीमागे गोधड्यांची उतरण करा. नुसत्या उशा रचल्या तर मान दुमडते आणि पोट दाबतं, म्हणून उतरण कंबरेपासून हवी. मग कुशीवर वळवा. तोंडाचा कोपरा खाली येईल, लाळ आपोआप फडक्यावर उतरेल. फडक्याखाली प्लास्टिक अंथरा, पण प्लास्टिक तोंडाजवळ मोकळं सोडू नका. ऑपरेशनमध्ये छातीचं किंवा मांडीचं मांस लावून गाल बांधला असेल, तर कोणत्या कुशीवर झोपायचं हे सर्जनकडून लिहून घ्या. नव्या मांसाच्या नसेवर दाब आला तर ते काळं पडतं.

लाळ ओढायचं मशीन

ज्यांना गिळता आणि थुंकताही येत नाही, त्यांना सक्शन मशीन लागतं. गावात वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारं किंवा पायानं चालवायचं घ्या. विकत घेण्याआधी भाड्यानं मिळतं का, ते पाहा. मोठ्या माणसासाठी मशीनच्या काट्यावरचा दाब ८० ते १२० मिलिमीटर पारा (mmHg) याच्या मध्ये ठेवायचा. नळी फक्त गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत फिरवायची, एका वेळी दहा सेकंदांच्या आत. जिभेच्या मागे गेली की उलटीची उबळ येते आणि जखमेला लागलं तर रक्त सुटतं. दर पाच मिनिटांनी ओढत बसू नका, सारखं ओढल्यानं आतली त्वचा सुजते आणि लाळ आणखी सुटते.

काम झाल्यावर नळीतून स्वच्छ पाणी ओढा. दिवसातून एकदा बरणी संडासात रिकामी करून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवा (एक लिटरला तीन लहान चमचे), मग खळखळून धुवा.

हनुवटीची कातडी

लाळ सतत लागली की कातडी पांढरी, फुगीर होते, मग सोलते. साध्या पाण्यानं दिवसातून दोनदा धुवा, टिपून पूर्ण कोरडी करा आणि मगच व्हॅसलीनचा पातळ थर लावा. ओल्या कातडीवर लावलं तर ओल आत कोंडते. रेडिएशन चालू असेल तर त्या भागाला काय लावायचं ते तिथल्या डॉक्टरांना विचारूनच लावा, आणि मशीनवर जाताना कातडीवर जाड थर नको. दाढी वाढलेली असेल तर ती लाळ धरून ठेवते. वस्तऱ्यानं नको, कात्रीनं बारीक करा.

खाणंपिणं

आंबट आणि गोड दोन्हींनी लाळ सुटते. आंबाडीची भाजी, चिंच, लोणचं, आंबट ताक, चघळायच्या गोळ्या थोडे दिवस बाजूला. ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, मूगडाळीचं घट्ट वरण, दूध घालून कुस्करलेली पोळी, गोडसर नसलेली खीर हे बरं. अगदी पाण्यासारखं पातळ काहींना सरळ श्वासनळीत जातं आणि घट्टसर सोपं जातं. खाऊ घालताना खोकला येतो का, आवाज ओला घरघरीत होतो का, यावर लक्ष ठेवा. तसं होत असेल तर तोंडानं देणं थांबवून नाकाच्या नळीबद्दल विचारा. नळीतून देतानाही डोकं वर, आणि दिल्यावर पाऊण-एक तास बसतंच ठेवायचं.

'पाणी कमी पाजलं की लाळ कमी गळंल' हा समज फार घरांत आहे. त्यानं लाळ कमी होत नाही, चिकट होते. जी लाळ बाहेर जाते ते अंगातलंच पाणी आणि मीठ आहे. रुग्ण रोज वीस-पंचवीस फडकी भिजवत असेल, तर तेवढं पाणी वरून द्यावं लागतं, तोंडानं किंवा नळीनं. एक पुडी ओआरएस एक लिटर पाण्यात, दिवसभरात थोडं थोडं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. लघवी गडद पिवळी आणि कमी होऊ लागली, की पाणी कमी पडतंय असं समजा.

औषधं, आणि विदर्भाचा उन्हाळा

वरचं सगळं करूनही पातळ लाळ आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर औषध देतात. बहुधा ग्लायकोपायरोलेट, सुरुवातीला १ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन किंवा तीन वेळा. ती जेवणाच्या तासभर आधी द्यावी, अन्नासोबत तिचा गुण कमी येतो. काही वेळा अॅट्रोपिनचे १ टक्का डोळ्याचे थेंब जिभेखाली एक-दोन टाकायला सांगतात. हे ऐकून घरचे गोंधळतात, पण तो मान्य वापर आहे. थेंब मोजूनच टाका, एक थेंब जास्त म्हणजे बराच डोस. तोंडात कच्ची जखम असेल तर ते लवकर रक्तात जातं. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. रात्री झोप आणि दुखणं दोन्हींसाठी अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिलं जातं, त्यानंही लाळ कमी होते. यातली दोन औषधं आपल्या मनानं एकत्र करू नका.

काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं, आतड्याला अडथळा यातलं काही असेल तर ते आधीच सांगा. मॉर्फिन चालू असेल तर बद्धकोष्ठ दुप्पट होईल, पोट साफ होण्याचं औषध सोबतच सुरू करून घ्या. म्हातारी माणसं या औषधांनी बरळू लागतात, रात्री उठून चालू लागतात. तसं झालं तर पुढचा डोस थांबवून फोन करा.

ही सगळी औषधं घामही बंद करतात. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या घरात त्याहून जास्त. घाम न येणारं अंग तापत जातं आणि माणूस न घामेजताच उष्माघातात जातो. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये हे औषध चालू असेल तर रुग्णाला दुपारी कवेलूच्या किंवा गवताच्या छपराखाली ठेवा, ओल्या दुपट्ट्यानं अंग पुसा, पंखा किंवा कूलर लावा. अंग कोरडं आणि कढत लागलं, बोलणं भरकटलं, तर औषध थांबवून तडक दवाखाना. थंडीत ठरवलेला डोस उन्हाळ्यात तोच चालेल असं धरून चालू नका, मार्चमध्ये एकदा डॉक्टरांशी बोला.

औषधाचं ध्येय तोंड कोरडं करणं नाही. बावीस फडक्यांची दहा-बारा झाली तरी पुष्कळ. तोंड पूर्ण कोरडं पडलं तर दात किडतात, बुरशी धरते, बोलताना जीभ टाळूला चिकटते. गोळ्या सोसल्या नाहीत तर लाळेच्या ग्रंथींत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा गुण साधारण तीन महिने टिकतो. हे मोठ्या रुग्णालयातच होतं.

वाट न पाहता निघायचं केव्हा

काल गिळता येत होतं आणि आज स्वतःची थुंकीही उतरत नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घोरल्यासारखा आवाज येतो. गळा किंवा जिभेखाली सूज चढतेय आणि ताप आहे. तोंडातून ताजं रक्त थांबत नाही. यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसतं, पुढे झुकलेलं ठेवा, आडवं करू नका. रक्त येत असेल तर दिसेल त्या जागी गडद फडक्यानं दाबून धरा.

घरातली माणसं

लाळेनं कॅन्सर पसरत नाही. वेगळं ताट, वेगळा ग्लास, लहान मुलांना दूर ठेवणं, याची काही गरज नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मात्र टीबीची तपासणी करून घ्या, ती काळजी वेगळी आहे.

चारचौघांत रुग्णाचं तोंड तुम्ही पुसू नका. फडकं त्याच्या हातात द्या, हाताला झेपतं तोवर त्यालाच टिपू द्या. गळ्याभोवती दुपट्टा सैल ठेवला की बसल्या जागी टिपता येतं आणि ते वेगळं दिसत नाही. बोलणं कळत नसेल तर पाटी-पेन्सिल द्या, लिहिता न येणाऱ्यांसाठी पाणी, दुखणं, संडास, झोप अशी चार चित्रं काढून ठेवा.

नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला तपासणीसाठी जायचं असेल, तेव्हा दहा-बारा फडकी, झाकणाचा डबा, वापरलेल्या फडक्यांसाठी जाड पिशवी, अर्धा लिटर मीठ-सोड्याचं पाणी, सिरिंज आणि फडक्यांची वही पिशवीत घाला. एसटीत खिडकीजवळची, चाकावर न येणारी जागा धरा. गचके बसले की ठसका लागतो. दुखण्याची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्या. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठीचं प्रमाणपत्र रुग्णालयातून ठरलेल्या नमुन्यात भरून घ्यावं लागतं. पहिल्याच फेरीत तेवढं काम उरकून घ्या.